वरच्या वस्तीची उंची

३ एप्रिल

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. ऐकू आलं तरी तुम्ही आपलंच दामटता, असं मामी म्हणतात. मी फक्त पहिल्या भागाची खात्री देऊ शकते.

सुखरूप पोचले. नगरपालिकेच्या नव्या पाणीयोजनेसाठी शहरातल्या उंच्या पुन्हा मोजायचं काम आहे. रुजू व्हायला गेले तेव्हा पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांनी माझ्यामागून आणखी कोणी येतंय का म्हणून दाराकडे पाहिलं. कोणी येत नाही हे लक्षात आल्यावर मला बसायला सांगितलं. शहरात त्यांना पाणीसाहेब म्हणतात. त्यांच्या टेबलावर पाण्याच्या तीन बाटल्या असतात.

एकेचाळीस वर्षांपूर्वी तुम्ही याच शहराच्या उंच्या मोजल्यात, तेव्हा वर्णन थोडक्यात करते. शहर अजून डोंगराच्या कण्यावरच आहे. ऊन पडतं त्या अंगाला बंगले, हॉटेलं, दोन निवासी शाळा आणि पाहुण्यांनी फिरायचा रस्ता. ऊन पडत नाही त्या अंगाला धोबी, गॅरेजं, हॉटेलांची मागची दारं आणि सगळ्यांत शेवटी हमालांची वरची वस्ती. तलाव खोदलेला आहे, पण त्याला नैसर्गिक म्हणायची पद्धत पडली आहे. वेशीवर शहराची उंची लिहिलेली पाटी आहे आणि तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढायला रांग लागते.

सीझनमुळे उन्हाच्या अंगाला खोली मिळाली नाही. मी वरच्या वस्तीत राहते. खोली नऊ फूट बाय अकरा, छप्पर पत्र्याचं. सकाळी ढग खिडकीतून आत येतो आणि वाळत घातलेले कपडे ओले करून दारातून बाहेर जातो. घरमालकीण स्वतः हमाल आहे, स्टेशनापासून पाहुण्यांच्या बॅगा वाहते. वय पंचावन्नच्या पुढे. मी लेव्हलच्या, म्हणजे उंची मोजायच्या तिपाईवरल्या यंत्राच्या दुर्बिणीवर छत्री धरलेली पाहून तिनं विचारलं, की हा कोण जावई, ज्याला तीन पाय असून उचलून न्यावं लागतं.

वस्तीत एकसष्ट घरं आहेत आणि नळ एकही नाही. खिंडीपलीकडे शहराची टाकी आहे, तिथून बायका डब्यांनी पाणी आणतात. इथं पाणी चढत नाही, असं शहरात ज्याला विचारावं तो सांगतो. कचेरीत जपलेल्या तुमच्या फील्डबुकातही, मोजणीच्या त्या वहीत, वस्तीची उंची टाकीपेक्षा जास्त आहे. वस्तीतल्या दगडावरची तुमची उंचीची खूण अजून स्वच्छ आणि ठसठशीत आहे. अभिनंदन. या आठवड्यात तिच्यापर्यंत मोजत जाईन.

मामींना नमस्कार. तुम्ही पथ्य पाळत नाही असं कळलं आहे. कोणाकडून ते विचारू नये. लोभ आहेच, तो तसाच राहू द्यावा.

तुमची
भाची


११ एप्रिल

चि. मिलिमीटर हिस,
अनेक आशीर्वाद.

पाच वर्षांची असताना तू माझ्या पट्टीनं केकचे तुकडे मोजून भावाशी भांडली होतीस. तेव्हापासून तुझं हे नाव पडलं आणि अजून तुला शोभतं. पत्र पावलं. तुझ्या मामीनं ते आधी वाचलं, पथ्याच्या ओळीवर बोट ठेवून माझ्यासमोर धरलं. घरभेद्यांचं राज्य आहे.

शहराचं वर्णन केलंस ते बरोबर, पण ते असं का आहे हे तुला कोणी सांगणार नाही. मी सांगतो. कोणे एके काळी एका मोठ्या अधिकाऱ्याला खाली मैदानात ताप येई आणि वर गेल्यावर उतरे. त्यानं दोनदा वर जाऊन पाहिलं आणि तिसऱ्यांदा कचेरीच वर नेली. साहेब गेला म्हणून कारकून गेले, कारकून गेले म्हणून फायली गेल्या आणि फायली वाहायला माणसं लागतात म्हणून हमाल गेले. पुढे डॉक्टर लोक छातीचे रोगी वर पाठवू लागले. काही बरे झाले, बाकीच्यांसाठी पश्चिमेची उतरण राखून ठेवली. मग शाळा निघाल्या, कारण थंडीत मुलं गप्प बसतात असा शोध लागला होता.

रस्त्यांची रुंदी पाहा. जिथून साहेबाची गाडी जायची तो वीस फूट, जिथून त्याचं सामान जायचं तो चार फूट. हमालांना मागच्या अंगाला जागा दिली, कारण बंगल्याच्या खिडकीतून देखावा दिसावा, देखावा वाहून आणणारे दिसू नयेत. पहिल्या नकाशात वस्तीच्या जागी नुसती झाडी दाखवली आहे. साठेक बिऱ्हाडं त्या झाडीत राहत होती. मी नकाशा केला तेव्हा निदान त्यांच्या नावाचा एक दगड तरी नकाशात घातला.

आणि तो दगड जपून वापर. त्या कामात जाताना आणि परत येताना मोजलेल्या उंचीत अंतिम फरक किती आला माहीत आहे का? तीन मिलिमीटर. आमच्या वरिष्ठांनी सगळ्या खात्यासमोर ते फील्डबुक उघडून दाखवलं होतं. तेव्हा आमच्याकडे आकडे दाखवणाऱ्या बॅटऱ्या नव्हत्या. डोळा होता, पेन्सिल होती आणि खोडरबर वापरायची बंदी होती.

थंडी वाजली तर स्वेटर घाल, आकडे लिहीत बसू नकोस. आशीर्वाद पाठवलेत ते मोजून घे.

तुझा
मामा


१९ एप्रिल

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

एक अडचण आली आहे. तुमच्या नोंदीप्रमाणे वस्तीतल्या दगडाची उंची १९९१.४ मीटर आहे. मला १९७७.८ येते. फरक १३.६ मीटर.

पहिल्यांदा माझं चुकलं असं धरलं. यंत्र तपासलं. दुसऱ्या दिवशी उलट दिशेनं मोजलं. तिसऱ्या दिवशी समोर धरायची आकड्यांची उभी पट्टीही बदलली. तिन्ही वेळा उत्तर तेच, पाच मिलिमीटरांच्या आत. शहरातल्या तुमच्या बाकी एकवीस खुणा माझ्या मापांशी जुळतात, एकही दोन सेंटिमीटरांहून बाहेर नाही. फक्त हा एक दगड जुळत नाही.

हे महत्त्वाचं का, तेही लिहिते. टाकीचं पाणी सुटतं ती तोटी १९८७.३ मीटरवर आहे. तुमच्या आकड्याप्रमाणे वस्ती तोटीच्या चार मीटर वर आहे, म्हणून एकेचाळीस वर्षं एकाही योजनेत तिला नळ दाखवलेला नाही. माझ्या आकड्याप्रमाणे ती साडेनऊ मीटर खाली आहे. खिंड टाळून डोंगराच्या कुशीतून नळ फिरवला, तर पाणी पंपाशिवाय आपोआप येईल. नवीन योजनेचा नकाशा ३१ मेला कायम होतो. त्यानंतर पुढची पंधरा वर्षं त्यात रेघ वाढवता येणार नाही.

घरमालकिणीला हे सांगितलं. तिला आश्चर्य वाटलं नाही. तिच्या म्हणण्याप्रमाणे वस्तीपासून खिंडीपर्यंत दोनशे चाळीस पायऱ्या आहेत आणि टाकीपासून खिंडीपर्यंत एकशे ऐंशी, मग खाली कोण ते बघा. ती हे आजवर आलेल्या प्रत्येक साहेबाला सांगत आली आहे. एकानं हसून तिला चहा पाजला होता, हाच काय तो उपयोग. मी पायरीची सरासरी उंची काढली, सोळा सेंटिमीटर. साठ पायऱ्यांचे नऊ मीटर साठ होतात. माझ्या मापाशी दहा सेंटिमीटरांचा फरक. पायऱ्या एकसारख्या नाहीत हे धरलं, तर काम चांगलं आहे.

खिंडीपासून वस्तीपर्यंत पट्टीवरून टिपलेल्या वाचनांवर तुमची सही आहे आणि तारखा १७ व १८ मे आहेत. त्या दोन दिवसांत काही वेगळं घडल्याचं आठवतं का? पट्टी बदलली, पान हरवलं, असं काही? उत्तर लवकर आलं तर बरं.

मामींना नमस्कार. इथं सर्व ठीक. आपला लोभ गृहीत धरते.

तुमची
भाची


२६ एप्रिल

चि. भाचीस,
आशीर्वाद.

एकेचाळीस वर्षांपूर्वीच्या मंगळवारी काय झालं हे मला विचारू नकोस. परवा काय जेवलो ते आठवत नाही.

डोंगर हलतात. दगड खचतात. हमालांनी घर बांधताना दगड उपटून खाली लावला असेल. तुझं यंत्र नवं आहे आणि नवी यंत्रं आत्मविश्वासानं चुकतात. तुझ्या वयाला सगळ्या जुन्या नोंदी चुकीच्या वाटतात, आम्हालाही वाटायच्या. आम्ही निदान वडीलधाऱ्यांना पत्रं लिहून तसं कळवत नव्हतो.

तुझा अहवाल तू लिही. माझा मी लिहिला आहे.

मामा


२८ एप्रिल

चि. पोरीस,
अ. उ. आ.

मी दुसऱ्याची पत्रं वाचत नाही. हे पत्र चष्म्याच्या घराखाली उघडंच पडलं होतं आणि चष्मा माझा होता.

तू १७ मे आणि १८ मे लिहिलं आहेस. मी ती ओळ चार वेळा वाचली. १७ मेला हे आमच्या घरी होते. दुपारी तीनला आले आणि सहाला गेले. माझ्या बाबांकडे मला मागायला आले होते. बाबांनी नोकरी कायम आहे का, दारू पिता का आणि आईला नीट सांभाळता का, हे तिन्ही प्रश्न दोनदोनदा विचारले. तेव्हा कान चांगले होते, तरी यांनी तिन्ही वेळा पुन्हा विचारा म्हटलं. विचार करून सांगतो म्हणून बाबांनी यांना लावून दिलं, म्हणून १८ला सकाळी पुन्हा येऊन बसले. दुपारी बाबा हो म्हणाले. माझ्या मते कंटाळून म्हणाले.

डोंगरावरून आमच्याकडे यायला तेव्हा पूर्ण एक दिवस लागायचा. एवढ्या लांबून हा माणूस कामावरून थेट आला, बुटांचा चिखलही पुसला नाही, ही गोष्ट मी चाळीस वर्षं सगळ्यांना सांगत आले आहे. तुलाही सांगितली असेल. दर वर्षी १७ मेला हे मला फुलं आणतात. लग्नाचा वाढदिवस विसरतात, हा विसरत नाहीत. मला वाटायचं माणूस प्रेमळ आहे. प्रेमळ आहेच. पण माणूस एका वेळी दोन ठिकाणी नसतो, एवढं गणित मला येतं.

मी यांना काही विचारलेलं नाही. मी विचारेन म्हणून हे वाट बघत असावेत, कारण तीन दिवस झाले, न सांगता भांडी घासताहेत. एक बशी फुटली.

एकसष्ट घरं हा आकडा तू लिहिला होतास. माझ्या बाबांनी पहिल्याच दिवशी हो म्हटलं असतं तर यांचा एक दिवस तरी वाचला असता, असंही मनात आलं. पण तो वाचलेला दिवस यांनी डोंगरावर घालवला असता असं नाही. तू तुझं काम कर. मला काय वाटेल याची काळजी तुझ्या कामात धरू नकोस, ती माझी मी बघेन. या पत्राचं यांना कळवू नकोस.

स्वेटरचे हात लांब विणलेत, तुझे वाढतील या भरवशावर. जीव लाव, तेवढं पुरे.

तुझी
मामी


४ मे

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

दगड खचलेला नाही. तो मूळ खडकच आहे, खूण त्यात कोरलेली आहे. तुम्हीच तो निवडला होता.

छातीच्या रुग्णालयात जुनी हवामानाची नोंदवही आहे. तिथल्या मुख्य परिचारिकेनं ती मला पाहू दिली, मात्र आधी हात धुवायला लावले. १६ मेच्या संध्याकाळपासून हवेचा दाब झपाट्यानं उतरला आहे. १७ मे: दिवसभर दाट धुकं, वीस मीटरपलीकडचं दिसत नाही. १८ मे: धुकं आणि पाऊस. तुमच्या फील्डबुकात त्या दोन दिवशी लेव्हलपासून पट्टी सरासरी अडतीस मीटरांवर आहे. वीस मीटरांपलीकडे न दिसणाऱ्या धुक्यात अडतीस मीटरांवरची पट्टी वाचता येत नाही.

त्या दोन दिवसांची वाचनं बहात्तर आहेत. त्यांत शून्य किंवा पाचनं संपणारं एकही नाही. प्रत्यक्ष मोजलेल्या बहात्तरांत अशी चौदा-पंधरा तरी येतात. माणूस मनानं आकडे लिहितो तेव्हा गोल आकडे टाळतो, हे मी कॉलेजात असताना तुम्हीच मला सांगितलं होतं.

पाणीसाहेबांना माझी मापं दाखवली. त्यांचं म्हणणं असं, की जुना आकडा मंजूर आहे आणि नवा आकडा फक्त बरोबर आहे. मंजूर आकडा रद्द करायचा तर राज्याच्या खात्याकडून फेरमोजणी हवी, तिला तीन वर्षं लागतात. किंवा मूळ मोजणाऱ्याचं लेखी निवेदन हवं. वस्तीच्या लोकांना पाणी वाहायची सवय आहे, असंही ते म्हणाले. मी ते वाक्य तारीख घालून लिहून ठेवलं आहे.

तेव्हा मला तुमच्याकडून दोन ओळी हव्या आहेत: त्या दोन दिवसांची वाचनं जागेवर घेतलेली नाहीत. का, ते मी विचारत नाही. मला ते कळायचीही गरज नाही. ३१ मेला आता सत्तावीस दिवस आहेत.

प्रकृतीला जपावं. नमस्कार, नेहमीप्रमाणे.

भाची


१२ मे

चि. मिलिमीटर हिस,
आशीर्वाद.

सोबत निवेदन जोडलं आहे. सात वेळा लिहिलं. पहिलं तीन पानांचं होतं आणि त्यात हवामानाचाच दोष जास्त होता. हे चार ओळींचं आहे. कारणाच्या रकान्यात खासगी काम असं लिहिलं आहे, ते तसंच राहू दे.

तू विचारलं नाहीस तरी सांगतो, कारण न विचारणारी माणसं जास्त छळतात. १६ मेला संध्याकाळी दाबमापकाची गोल डबी खिशात घालून मी वस्तीवर चढलो. जितकं उंच जावं तितका हवेचा दाब कमी होतो, त्यावरून उंचीचा अंदाज येतो. काटा पाहिला, आकडा टिपला. परत आल्यावर नीट मोजू, तोवर अंदाज असू दे, असा विचार. वादळाआधीही दाब उतरतो आणि मग जागा आहे त्याहून उंच वाटते, हे मला माहीत होतं. त्या संध्याकाळी आठवायचं नव्हतं. पट्टीवाल्याला तीन दिवस सुट्टी दिली. त्यानं कारण विचारलं नाही, तोही शहाणा होता.

२० तारखेला परतलो तर धुकं. अकरा दिवस हललं नाही. बाराव्या दिवशी वरिष्ठांनी फील्डबुक मागवलं. मी विश्रामगृहाच्या टेबलाशी बसून एका बैठकीत बहात्तर वाचनं लिहिली, खिंडीपासून सुरू करून डबीच्या आकड्यावर नेऊन सोडली आणि परत आणली. फरक तीन मिलिमीटर ठेवला. शून्य ठेवला असता तर संशय आला असता. पुढे खात्यासमोर कौतुक झालं ते या तीन मिलिमीटरांचं. तेव्हा मला लाज वाटली की अभिमान, हे खरंच आठवत नाही. दोन्ही वाटलं असेल.

वस्तीला पाणी नाही हे मला माहीत नव्हतं, असं लिहिणार होतो. पुढच्याच वर्षी माझी बदली झाली, तेव्हा ते खरंही आहे. पण मी कधी विचारलंही नव्हतं. हमालांच्या वस्तीची उंची कोणाला कशाला लागणार, असं मनात धरून चाललो. पहिल्या पत्रात नकाशात झाडी दाखवणाऱ्यांना हसलो ते मागे घेतो.

तुझ्या मामीनं मला एका शब्दानं विचारलं नाही, म्हणून शेवटी मीच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि या १७ला फुलं आणू नका म्हणाली. मी आणणार नव्हतोच, पण तसं बोललो नाही.

आशीर्वाद माझ्याकडून द्यायचे असतात म्हणून देतो आहे.

मामा


१६ मे

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

निवेदन पोचलं. त्याच दिवशी कचेरीत दिलं.

पाणीसाहेबांनी ते दोनदा वाचलं आणि एक शंका काढली. ज्या माणसानं पूर्वी खोटं लिहिल्याचं कबूल केलं आहे, त्याचं आताचं लिहिणं खरं कशावरून धरायचं? शंका तर्काला धरून आहे. मी तसं त्यांना सांगितलं, त्यावर ते थोडे गडबडले. तोडगा असा निघाला, की तुम्ही स्वतः हजर असताना खिंडीपासून वस्तीपर्यंत पुन्हा मोजायचं, त्यांनी पाहायचं आणि तिघांनी सही करायची.

तुम्हाला सत्तरावं लागलं आहे. वाट चढाची आहे. पण मी या म्हणते आहे.

भाची


१९ मे

चि. मिलिमीटर हिस,

२३ला दुपारच्या बसनं पोचतो. दुर्बिणीत तू बघ. पट्टी मी धरीन. खात्यात कोणालाही बढती देताना आधी हे काम देत, मला देताना विसरले होते.

डॉक्टरांना विचारलेलं नाही, ते नाही म्हणाले असते. मामीला विचारलं. ती जा म्हणाली.

मामा


२७ मे

ती. स्व. मामींस,
शि. सा. न. वि. वि.

मामा उद्या सकाळच्या बसनं निघतील. हे पत्र त्यांच्या हाती देत नाही, पोस्टानं पाठवते आहे. तुमच्या घरात उघडी पत्रं कशी वाचली जातात हे मला आता माहीत आहे.

काम झालं. २४ आणि २५ला मोजलं, जाताना आणि येताना. अंतिम फरक सहा मिलिमीटर. त्या अंतराला सहा चांगला आहे, पण मामांचा चेहरा उतरला. वस्तीच्या दगडाची उंची १९७७.८ हीच आली. पाणीसाहेब दोन्ही दिवस छत्री घेऊन बरोबर होते. ते पहिल्यांदाच वस्तीत आले होते आणि इतकी माणसं इथं राहतात का, असं त्यांनी तीन वेळा विचारलं. काल तिघांच्या सह्या झाल्या. नवीन योजनेच्या नकाशात टाकीपासून वस्तीपर्यंत तेराशे चाळीस मीटरांचा नळ काढला आहे. रेघ मी स्वतः ओढली आणि पाणीसाहेबांनी शिक्का मारला. काम पुढच्या वर्षी सुरू होईल.

मामांची प्रकृती ठीक आहे. दोन दिवस साडेतीन मीटरांची पट्टी सरळ धरून उभे होते. हात थरथरले की पट्टी हलते आणि मला दुर्बिणीत दिसतं. मी थांबायची आणि हात स्थिर झाला की वाचायची. ऐकू येत नसल्यामुळे माझ्या हाकेचा उपयोग नव्हता, म्हणून हातांच्या खुणा ठरवल्या होत्या. घरीही वापरून पाहाव्यात, सोयीच्या आहेत.

आता जे मुद्दाम कळवायचं ते. २५ला संध्याकाळी शेवटचं वाचन झालं. पाणीसाहेब गेले. मामा दगडावर बसले होते. घरमालकीण आणि शेजारच्या सहा-सात जणी डबे घेऊन परतत होत्या, त्या बघायला थांबल्या. मामा उठले आणि त्यांनी सांगितलं, की जुना आकडा आपण लिहिला होता, तो खोटा होता आणि त्या दिवशी आपण इथं नव्हतोच. मी त्यांना असं सांगायला सांगितलं नव्हतं. कागदावर खासगी काम एवढंच होतं आणि ते पुरेसं होतं.

एकीनं डबा खाली ठेवला. मग घरमालकिणीनं विचारलं, की इथं नव्हतात तर कुठे होतात. मामांना ऐकू आलं नाही. मला त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून विचारावं लागलं, त्यामुळे प्रश्न साऱ्या वस्तीनं ऐकला आणि वरच्या घरांतलीही माणसं बाहेर आली. मामा म्हणाले, की एका मुलीला मागणी घालायला खाली गेलो होतो. तिनं विचारलं, की दिली का. तेही मी ओरडून विचारलं. मामा म्हणाले, दिली, पण दुसऱ्या दिवशी. मागून कोणीतरी म्हणालं, की बघा, आपल्याला चाळीस वर्षं लागली आणि याचं काम दोन दिवसांत झालं. दोघी-तिघी हसल्या. बाकीच्या हसल्या नाहीत.

मग घरमालकिणीनं विचारलं, की एवढं करून आणलीत, मग सोनं झालं का त्या दोन दिवसांचं. हा प्रश्न मी जरा हळू ओरडले. मामांना पहिल्याच वेळी ऐकू आला.

ते म्हणाले, की हो म्हणायला माझं मन तयार आहे, पण ते म्हणायचा हक्क माझा नाही, पाणी तुम्ही वाहिलंत. एवढं बोलून ते उभेच राहिले. बसा असं कोणी म्हणालं नाही. नंतर घरमालकिणीनं घरातून स्टूल आणून ठेवलं, पण ते त्यांना दिलं की दारात ठेवायचंच होतं, हे मला सांगता येणार नाही. मामा त्यावर बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिनं मला सांगितलं, की तुझ्या मामानं उत्तर टाळलं. त्यांच्या बाईला एकदा इकडे आण, नळ आल्यावर नको, त्याआधी आण. हेच तिला विचारते. ती राग धरून बोलते आहे की नाही, हे तिच्या आवाजावरून मला ओळखता आलं नाही. पण ती बोलली म्हणजे विचारणारच.

तेव्हा तुम्ही या. पावसाळ्यानंतर वाट चांगली असते. तुमच्या बाबांनी एक दिवस विचार केला वगैरे सांगू नका, ते तिला पटणार नाही. खरं काय ते आधी स्वतःशी ठरवून मगच या, असं मी सुचवते. मी मध्ये ओरडायला नसेन, तुम्हाला ऐकू येतं.

स्वेटर मिळाला. हात अजून लांब आहेत. तुमच्या लोभात फरक पडू देऊ नये.

तुमची
भाची